बहारीनच्या वाळूत सडा

बॅगेत पांढरी पूड भरून परदेशी जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडू नये, असं नंतर घरच्या सगळ्यांचं मत पडलं.

बहारीनच्या विमानतळावर माझी बॅग मशीनमधून बाहेर आली, थांबली, उलटी आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. आत दहा किलो रांगोळी होती. किलोकिलोच्या प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडाला रबर, लेबलाचा पत्ता नाही. कुडाळच्या बाजारात रांगोळीला लेबल कोण लावतो? कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने एक पिशवी उचलून हातात तोलली आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

मी घाबरलो की खरं बोलतो, पण अर्धवट. म्हणालो, "पावडर."

"व्हॉट पावडर?"

"व्हाइट पावडर."

रांगेत माझ्या मागे उभे असलेले एक सभ्य गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. विमानात त्यांनी मला स्वतःची लोणच्याची पुडी दिली होती. आता मात्र ते मला कधी भेटलेच नसल्यासारखे दिव्यांकडे बघत होते.

मला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक वयस्क अधिकारी होते, त्यांना हिंदी बरं येत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ये किसके लिए लाया?"

आता ह्याचंही खरं उत्तर द्यायचं, तर ते असं होतं: "जी, अंतरिक्ष में जो लोग घूम रहे हैं, उनको दिखाने के लिए."

वयस्क अधिकाऱ्यांनी आधी छताकडे बघितलं, मग पिशव्यांकडे.

शेवटी मी एक पिशवी सोडली आणि त्यांच्या स्टीलच्या टेबलावर चिमटीने ठिपके घालून कमळ काढायला घेतलं. घरी मी कधी रांगोळी काढलेली नाही. बायकोने काढलेली ओलांडून जायची एवढाच माझा अनुभव. त्यामुळे कमळाची एक पाकळी कोबीच्या पानासारखी झाली. पण वयस्क अधिकारी एकदम हसले. त्यांच्या गल्लीत राहणारी एक हिंदुस्थानी बाई दिवाळीत दारात असंच काढते म्हणाले, फक्त चांगलं काढते. पुडीची तपासणी झाली, ती दगडाचीच निघाली, आणि मी दहा किलोला चिमूटभर कमी रांगोळी घेऊन बहारीनमध्ये शिरलो.

हमद टाउन

बाहेर माझा मेहुणा प्रकाश वाट बघून बघून खांबाला टेकला होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, हा नवरा. गेली वीसेक वर्षं बहारीनमध्ये पाण्याचा टँकर चालवतोय. मुळात बोलतो कमी.

"खय होतात?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. गाडीने समुद्रावरचा पूल ओलांडेपर्यंत तो नुसता रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घराकडे सांगू नका."

अर्थात मी पोचल्या पोचल्या सांगितलं. सुनंदाने कपाळावर हात मारला आणि तिची मुलगी केतकी म्हणाली, "मामा, दे कुड हॅव अरेस्टेड यू!" केतकी अकरावीत आहे. बहारीनमध्येच जन्मली, तिथल्या इंग्रजी शाळेत वाढली. मराठी तिला सगळं कळतं, मालवणी त्याहून जास्त, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिच्या आईने हा लढा कधीच सोडून दिलाय.

हमद टाउन ही घरांची वसाहत. एकसारखी घरं, आणि राउंडअबाउटच राउंडअबाउट. तिथे पत्ता म्हणजे राउंडअबाउटचा आकडा. आमच्याकडे "पिंपळाकडून डावीकडे" म्हणतात तसं तिथे "सातवरून आत या." सगळे राउंडअबाउट मला एकच वाटायचे. पहिल्या सकाळी मी खुब्ज आणायला म्हणून बाहेर पडलो. खुब्ज म्हणजे भट्टीतली मोठी पोळी, आपल्या ताटाबाहेर लोंबेल एवढी. आणली खरी, पण घर सापडेपर्यंत तिच्यातली निम्मी खाऊन झाली होती. उरलेल्या निम्मीला सुनंदाने महयावा लावून दिला. माशाचा मुरवलेला रस्सा, मोहरी-बडीशेप घातलेला. वास असा की कुडाळच्या सुक्या मासळीच्या बाजारात उभा असल्यासारखं वाटलं. कोकणी माणसाला बहारीन परका वाटत नाही, त्याचं निम्मं श्रेय ह्या बाटलीला आहे.

आता मी रांगोळी घेऊन का गेलो होतो ते सांगतो.

एक अंतराळयान चार माणसं घेऊन पृथ्वीभोवती फिरायला निघणार होतं. ती चंद्रावर जाणार नव्हती, कुठे उतरणार नव्हती. त्यांचं काम एकच, खिडकीतून खाली बघायचं. किनारे कुठे सरकले, नद्यांची तोंडं कशी झाली, शहरं किती पसरली, हे डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्या लेन्सने फोटो काढायचे. मी हे घरी सांगितलं तेव्हा माझी बायको मंगल म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून करता तेच." माझं कुडाळला भांड्यांचं दुकान आहे. मी पायरीवर बसतो. दुकान ती चालवते.

ह्या चौघांच्या मार्गाखाली येणाऱ्या काही शाळांना सांगितलं होतं: मोकळ्या जमिनीवर तुम्ही हातांनी एखादी मोठी खूण करा. आम्ही वरून जाताना ती शोधू, सापडली तर फोटो पाठवू. केतकीच्या शाळेचं नाव त्यात लागलं आणि शाळेत ह्या कामाची जबाबदारी तिच्यावर आली. मला फोनवर कळल्याबरोबर मी म्हणालो, "खूण कसली, रांगोळी काढू! मी आणतो." कुणी मला बोलावलं नव्हतं. पण मी तसाही जाणारच होतो, कारण सुनंदाच्या घरचं हे तिथलं शेवटचं वर्ष होतं. प्रकाशची नोकरी संपत आली होती. शाळेचं वर्ष संपलं की तिघंही कायमची कुडाळला येणार होती. सुनंदा म्हणाली होती, "दादा, आम्ही असतलो तवसर एकदा येऊन बघून जा." आणि हळूच म्हणाली होती, "केतकी आमच्याशी धड बोलत नाही रे. तुझ्याशी बोलली तर बघ."

पहिल्याच दिवशी मंगलचा फोन आला. मी नसल्यामुळे तिला सकाळी जाग आली नव्हती म्हणे. मी पहाटे खोकतो, दारं वाजवतो, डबे पाडतो, त्याचा एवढा उपयोग आहे हे मला नवीनच कळलं. "उशीर झाला, दारात सडा घालायचा राहिला," ती सांगत होती, "तर शेजारच्या सुमनवहिनी कडी वाजवायला आल्या. घरात आहेस ना गं, बरी आहेस ना, आज सडा नाही दिसला. आता ह्यांना काय सांगू, नवरा नाही म्हणून सुखाने झोपले होते!"

मी हसलो आणि विसरून गेलो.

अदलिया

केतकी माझ्याशी बोलली ती अदलियात. तिच्या शाळेतल्या मुलांची तिथल्या एका कॅफेत बैठक होती आणि मामाला शहर दाखवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. बैठी घरं, त्यांच्यात कॅफे, छोटी ऑफिसं, बोगनवेली. मी कॉफी मागितली तर देवाला नैवेद्य दाखवायच्या वाटीएवढ्या कपात काळं कडू काहीतरी आलं. मी साखर मागितली. मग दूध. मग आणखी साखर. वाढणारा पोरगा शेवटी सगळंच टेबलावर ठेवून गेला.

बैठकीतली मुलं गेल्यावर केतकीने मला कागदावर चित्र दाखवलं. एक पाऊल. पाच बोटांचं, साधं, भलं मोठं.

"लक्ष्मीचं?" मी विचारलं.

"नो मामा. जस्ट अ फूट. अवर फूट."

मग ती खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. माझ्या भाषेत सांगतो. तिचा जन्म झाला ते हॉस्पिटल इथून जवळच. पहिल्यांदा राहत होते ती इमारत पाडली. जुनी शाळा होती तिथे आता पार्किंग आहे. मैत्रिणी एकेक करून कॅनडा, कोची, मँचेस्टर अशा पांगल्या. बाबांचं रेसिडेंट कार्ड संपलं की आपलंही संपणार. कुडाळला गेलं की सगळे म्हणणार, आली घरी. "बट आय वॉज होम, मामा," ती म्हणाली. "आय वॉज बॉर्न हिअर. जूननंतर इथे एकही गोष्ट नसेल जी सांगेल की आम्ही इथे होतो. नॉट वन थिंग."

तिला ते पाऊल वरून दिसायला हवं होतं. फोटोत. शाळेसाठी वगैरे ठीकच, पण तिला स्वतःला.

ह्यावर एखाद्या शहाण्या मामाने काहीतरी बोलायला हवं होतं. मी केक मागवला. तिने तो खाल्ला, म्हणजे फारसं बिघडलं नसावं.

उम्म अल हस्सम

एवढी मोठी रांगोळी उंचावरून कशी दिसते ते आधी बघावं, असं ठरलं. ड्रोन उडवायला तिथे परवानगी नाही. मग सुनंदाला फिलोमिनाबाईंची आठवण झाली. ह्या वसईच्या, एका हॉटेलच्या ऑफिसात नोकरीला, आणि उम्म अल हस्समला एका उंच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतात. इमारतीच्या मागे मोकळा वाळूचा प्लॉट. सुनंदाची आणि त्यांची ओळख दवाखान्यातल्या रांगेत झालेली, आता बहिणीबहिणींसारखी.

सुट्टीचा दिवस होता. मी सकाळी प्लॉटवर गेलो. केतकीने दोरी धरली, मी पिशवी फाडली आणि वाकून वाकून माझ्या खोलीएवढं पाऊल काढलं. अर्धी रांगोळी संपली, पाठीचा काटा ढिला झाला. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका पाकिस्तानी वॉचमनने "चींटियों के लिए है?" असं विचारलं. मी नाही म्हणालो, तर त्याने मुंग्यांची औषधं मिळतात ते दुकान सांगितलं.

मग अभिमानाने लिफ्टने वर गेलो. फिलोमिनाबाईंनी दार उघडलं, गॅलरीत नेलं, चष्मा लावला, खाली बघितलं.

"कुठंय?"

मी खाली बघितलं. वाळू होती. वाळूवर माझ्या चपलांचे ठसे मात्र ठळक दिसत होते, कारण जिथे पाय घसरला होता तिथली खालची ओलसर माती वर आली होती. रांगोळी नव्हती. म्हणजे होती, पण पांढुरक्या वाळूवर पांढरी पूड. दुधात साबुदाणा शोधावा तसं.

"भाऊ," फिलोमिनाबाई म्हणाल्या, "हे वरून कुणाला दिसणार? मला चाळीशी लावून दिसत नाही, अन् ते तर आभाळातून बघणार."

"चालायचं," मी म्हणालो. "हात तर बसला."

"हात बसला की कंबर बसली?"

केतकी कठड्याला धरून खाली बघत होती. मग तिने पावलाच्या चित्राची घडी घातली. ते जास्त वाईट होतं. यानाचं उड्डाण झालेलं होतं, चौघं वर फिरत होती, आणि तीन दिवसांनी सकाळी ती बहारीनवरून जाणार होती.

फिलोमिनाबाईंनी टेबल मांडलं. त्यांच्याकडचे फुगे, म्हणजे ताडीऐवजी यीस्ट घालून फुगवलेले तळलेले गोळे, आणि त्याबरोबर चिकनचा रस्सा. तो नेमका संकष्टीचा दिवस; उपास मी धरत नाही, पण मांस खात नाही. मी कोरडे फुगे खाल्ले आणि रश्शाकडे फक्त बघितलं. "तुमचा गणपती बघतोय आणि तुम्ही रस्सा बघताय," त्या म्हणाल्या. "कुणाला काय दिसतं त्याचाच आज दिवस आहे." डबा भरून दिला, दुसऱ्या दिवसासाठी. केतकीने पहिल्यांदा थोडं हसून दाखवलं.

संध्याकाळी मंगलला फोन लावला. सगळा प्रकार ऐकून तिने एवढंच विचारलं, "आधी सडा घातलात?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कोरड्या जमिनीवर रांगोळी कोण काढतं? इतकी वर्षं दारातून जाता, बघितलं नाही कधी? आधी सडा घालायचा. जमीन ओली झाली, काळी झाली, की मग रांगोळी उठते. आपल्या तांबड्या मातीत एक वेळ कोरडी दिसेल, तुमच्या त्या मैद्यासारख्या वाळूत कशी दिसेल?"

मी फोन केतकीकडे दिला. मामी-भाचीचं बराच वेळ बोलणं झालं; मामी मराठीत, भाची इंग्रजीत, आणि दोघींना सगळं समजत होतं. फोन ठेवून केतकी बाबांकडे वळली. बऱ्याच दिवसांनी थेट त्यांच्याकडे.

"बाबा, हाऊ मच वॉटर डज युवर टँकर होल्ड?"

प्रकाशने जेवता जेवता मान वर केली. पाऊल ओल्या वाळूचंच काढायचं, हे तिने कागदावर दाखवलं. ओलं ते गडद, कोरडं ते फिकं. रांगोळीचा प्रश्नच मिटला. मी माझ्या उरलेल्या पाच किलोंकडे बघितलं. "कडेने एक रेघ काढेन," मी म्हणालो. कुणी नाही म्हणालं नाही. हो पण म्हणालं नाही.

अबू जासिमची वाडी

टँकर कंपनीचा, तो उचलून पोरांच्या खेळाला नेला असता तर शेवटच्या महिन्यांत प्रकाशला मेमो मिळाला असता. पण हमद टाउनच्या पलीकडे एका म्हाताऱ्या बहारीनी गृहस्थांची खजुराची वाडी आहे. त्यांच्या मुलाचं नाव जासिम, म्हणून त्यांना सगळे अबू जासिम म्हणतात. प्रकाश वर्षानुवर्षं त्यांच्या झाडांना पाणी घालतोय. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

गहवा आला. छोट्या वाटीत वेलचीची पिवळसर कॉफी, बरोबर खजूर. वाटी रिकामी झाली की त्यांचा नातेवाईक लगेच भरायचा. आपल्याकडे नको असलं की ताटावर हात आडवा धरतो, तसा मी धरला, तर त्याने हात बाजूला करून ओतली. पाचव्या वाटीला प्रकाश पुटपुटला, "वाटी हलवा, वाटी." हातात धरून जराशी हलवली की पुरे, अशी तिथली रीत. मेहुण्याने हे पहिल्या वाटीला सांगितलं असतं तर मला त्या रात्री झोप लागली असती.

प्रकाशने अडखळत सगळं सांगितलं. मुलीची शाळा, वरून जाणारी माणसं, पाऊल.

अबू जासिमनी ऐकून घेतलं. त्यांची हिंदी ही दुकानदार आणि ड्रायव्हरांकडून शिकलेली. "ऊपर से मेरा बगीचा दिखेगा?"

"दिखेगा, बाबा. इंशाल्ला."

"तो मुश्किल क्या? मफी मुश्किल." मफी म्हणजे नाही. वाडीच्या मागे त्यांचीच मोकळी, कडक वाळूची जमीन होती. त्या दिवशी झाडांना पाणी मागवायचंच होतं. टँकर ते मागवणार, कंपनीला तेच सांगणार, झाडांनी एक दिवस थांबायचं. मग त्यांनी प्रकाशला विचारलं, "तू सच में जाता है? खलास?"

"खलास, बाबा."

म्हाताऱ्याने प्रकाशच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः भरून दिली. ती प्रकाशने हलवली नाही.

यान वरून जाण्याचा दिवस

सकाळ चांगली उघडी होती, थोडा धुरकटपणा दक्षिणेला. हिवाळा असल्यामुळे पाणी लगेच सुकणार नाही असा हिशेब होता. शाळेची बस आली. मुलांनी दोऱ्या आणि दगडांनी पावलाची कड आखली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत चालायला दम लागेल एवढी. अबू जासिमनी सगळ्यांना बलालीत खायला घातलं. बलालीत म्हणजे गोड शेवया, केशर-वेलचीच्या, आणि त्यांच्यावर पसरलेलं ऑम्लेट. शेवयांवर ऑम्लेट! मी घरी हे सांगितलं तेव्हा कुणाचाही विश्वास बसला नाही. मी दोनदा घेतलं.

टँकर आला. मागच्या नळीतून पाणी फवारत प्रकाशने टाच भरली. वाळू खरोखरच गडद झाली, ओल्या गुळासारखी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाचेवरून तो पावलाच्या मधल्या भागात आला, तिथून चवड्याकडे वळला, आणि वळताना टँकरची मागची चाकं रुतली.

प्रकाशने पुढे घेतलं, मागे घेतलं. चाकं आणखी आत. कडक वाटलेल्या वाळूच्या खाली तिथे मऊ वाळू होती, आणि पाणी आम्हीच घातलं होतं. मुलांनी फळ्या आणल्या, मी दगड आणला. माझा दगड चाकाखालून उडून माझ्याच नडगीवर आला, तेवढीच माझी मदत. शिक्षिका मोबाइलकडे बघून म्हणाल्या, आता फार वेळ नाही. बोटं तशीच कोरडी होती. चवडा अर्धा.

प्रकाश दार उघडून पायरीवर उभा राहिला. वीस वर्षांत हा माणूस कधी कुठे रुतला नसेल, आणि रुतला तो मुलीसमोर. त्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "केतकी, काय करूया गो?"

केतकी पावलाच्या दुसऱ्या टोकाला, करंगळीच्या जागी उभी होती. तिने एकदा दोऱ्यांकडे बघितलं, एकदा टँकरकडे. आणि ओरडली:

"बाबा, पाणी सोड! सगळा सोड!"

मी चकित होऊन सुनंदाकडे बघितलं. सुनंदा माझ्याकडेच बघत होती. अख्ख्या वाळवंटात मालवणीत ओरडलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

प्रकाशने खाली उडी मारली आणि मागची मोठी तोटी पुरती उघडली. पाणी धबाधबा पडलं, चाकांखालून गेलं, दोऱ्या ओलांडून गेलं, उताराने पसरत गेलं. बोटं, चवडा, टाच, सगळं एक झालं. मुलं बादल्यांनी, फळ्यांनी, शेवटी पायांनी पाणी पुढे पुढे ढकलत होती. पाऊल राहिलं नव्हतं. एक मोठा, वेडावाकडा, गडद डाग होता, आणि त्याच्या मधोमध पांढरा टँकर. मी कडेने धावत माझी रांगोळी सोडत होतो. वाऱ्याने निम्मी माझ्याच पँटवर आली.

"नाऊ!" शिक्षिका म्हणाल्या.

सगळ्यांनी वर बघितलं. दिवसा यान काही दिसत नाही. निळं आभाळ, एक विमान, एक पक्षी. तरी आम्ही सगळे हात हलवत होतो. अबू जासिमनी डोक्यावरचा रुमाल सोडून हवेत फिरवला. मी विचारलं, "गेले का?" कुणाला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने शिक्षिका म्हणाल्या, आता ते इराणवर असतील. आम्ही हात खाली घेतले.

टँकर ओढून काढायला शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर आणावा लागला. तोवर बाप-लेक ओल्या वाळूत बसली होती. ती इंग्रजीत काहीतरी सांगत होती, तो मालवणीत हूं हूं करत होता. पाऊल काही झालं नाही, ह्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. मी जवळ जायला निघालो, तर सुनंदाने माझी बाही धरली. "दादा," ती म्हणाली, "तू आता तुझी पँट झाड."

कुडाळ

परत येताना माझ्या बॅगेत महयावाच्या दोन बाटल्या होत्या. कस्टमने विचारलं असतं तर मी "फिश" एवढंच म्हणायचं पाठ केलं होतं. कुणी विचारलं नाही. एक बाटली बॅगेतच फुटली. माझे कपडे त्यानंतर आठवडाभर परसात होते.

फोटो लगेच आला नाही. ती चार माणसं खाली उतरली, त्यांचे फोटो छाननीला गेले. दरम्यान केतकीची परीक्षा झाली, सुनंदाने खोकी भरायला घेतली. रोज सकाळी दुकान उघडताना मी मोबाइल बघायचो. मंगल म्हणायची, "गिऱ्हाईक आलंय, आभाळातून खाली या."

आणि एका दुपारी आला. केतकीने पाठवला होता. अर्ध्या फोटोत समुद्र, हिरवट-निळा, पुलाची बारीक रेघ. अर्ध्यात फिकट, जवळजवळ पांढरी जमीन. हमद टाउनचे राउंडअबाउट एका दोऱ्यात ओवल्यासारखे दिसत होते, आणि पहिल्यांदाच मला ते वेगवेगळे कळले. अबू जासिमची वाडी म्हणजे एक हिरवा ठिपका. त्याच्या शेजारी कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं, आणि वर्तुळात मोहरीएवढा काळपट डाग. त्याला बोटं नव्हती, टाच नव्हती, आकार म्हणावा असा काही नव्हता. खाली केतकीने लिहिलं होतं, "दॅट्स अस, मामा."

पोरीला समाधान वाटलं की ती माझं समाधान करत होती, कळेना. तिला पाऊल हवं होतं. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डाग नुसताच पसरला.

मंगल पातेली पुसत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि मोबाइल माझ्या हातून घेतला.

"रांगोळी कुठाय?"

"नाही दिसत."

"आणि पाऊल?"

"ते झालंच नाही."

"मग हे काळं काय?"

"ते आपलं पाणी. प्रकाशने सोडलं ते."

ती बराच वेळ बघत राहिली. दारात एक बाई कुकरची शिट्टी घेऊन उभी होती, तिलाही तिने हातानेच थांबायला सांगितलं. मग मोबाइल मला परत दिला आणि म्हणाली, "म्हणजे सडा दिसला. तिला सांगा, रांगोळी नसली तरी चालते. सडा दिसला की बघणाऱ्याला कळतं, ह्या घरात माणसं आहेत."